आंधळा बगळा

भाताच्या खाचरांच्या बांधावरून किंवा गावाबाहेरच्या तळ्याच्या काठाने चालताना आपणांपैकी पुष्कळांना एक अनुभव आला असेल. समोर चिखल असतो, थोडी लव्हाळी असतात, गढूळ पाणी असते. तेथे कोणी आहे असे वाटतही नाही. आपण चार-पाच पावलांवर जाऊन पोहोचतो आणि त्या चिखलाचाच एक तुकडा एकाएकी शुभ्र पंख पसरतो, घशातून एक खरखरीत आवाज काढतो आणि उडून पलीकडच्या बांधावर जाऊन बसतो. बसल्याबरोबर पंख मिटतात, पांढरा रंग लोपतो आणि चिखल पुन्हा पहिल्यासारखा निर्मनुष्य आणि निष्पक्षी होऊन जातो.

तो पक्षी इतका वेळ तेथेच होता. आपणच त्याला पाहिले नव्हते. परंतु न दिसल्याचा हा दोष माणसाने स्वतःच्या माथी घेतलेला नाही. तो त्याने पक्ष्याच्या माथी मारला आहे. आपल्या देशातील अनेक भाषांनी या पक्ष्याला जे टोपणनाव दिले आहे, त्याचा अर्थ होतो 'आंधळा बगळा'. या टोपणनावाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. मराठीत याला ढोकरी म्हणतात, भुरा बगळाही म्हणतात, आणि ग्रंथांतून 'वंचक' असे एक नाव आढळते. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे गावठी कोंबडीहून फार मोठा नव्हे. पाठ मातकट, मानेवर आणि छातीवर तपकिरी रेघा, पाय हिरवट-पिवळे. बसलेला असताना तो सर्वस्वी चिखलाच्या रंगाचा. उडाला की पंख, पोट आणि शेपूट पांढरीस्वच्छ. वीणीचा काळ जवळ आला की याच दरिद्री वेषातल्या पक्ष्याचे रूप पालटते. पाठीवर गडद तांबूस-किरमिजी पिसांची शाल चढते आणि डोक्यामागे लांब तुऱ्याची पिसे रुळू लागतात. पावसाळ्यात चिंचेवर, आंब्यावर किंवा वडावर, बहुधा इतर बगळ्यांच्या शेजारात, तो काटक्यांचे ओबडधोबड घरटे बांधतो. फिकट निळसर-हिरव्या रंगाची तीन ते पाच अंडी असतात आणि पिलांचे पोषण नर-मादी दोघेही करतात. बेडूक, मासे, खेकडे आणि किडे हा त्याचा आहार.

माझा जन्म कोकणातला आणि नोकरी केंद्र सरकारची. आमच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. या बदल्यांनी मला पुष्कळ गैरसोयी दिल्या तसा एक छंदही दिला. नव्या गावी गेलो की सकाळच्या फिरण्यात जो पक्षी दिसे त्याचे तिकडचे नाव मी विचारीत असे. अहमदाबादेस असताना तळ्याकाठच्या एका माळ्याने ढोकरीकडे बोट दाखवून सांगितले, 'काणी बगली'. 'काणी' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे कोलकात्यास बदली झाली. तेथे हाच पक्षी 'कानी बक' या नावाने भेटला. त्यानंतर हैदराबाद. तेथे तेलुगू सहकाऱ्याने नाव सांगितले 'गुड्डि कोंग'. गुड्डि म्हणजे आंधळा आणि कोंग म्हणजे बगळा. हिंदी मुलखात 'अंधा बगला' हे नाव सर्वपरिचित आहे. समुद्र ओलांडून सिंहलद्वीपात गेलो तरी सुटका नाही. सिंहली भाषेत याला 'काण कोका' म्हणतात आणि त्याचाही अर्थ तोच. बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी श्रोत्यांच्या कानांवर यांपैकी एखादे नाव निश्चितच पडले असेल.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की या भाषा काही एका कुळातील नव्हेत. गुजराती आणि बंगाली बहिणी खऱ्या, पण तेलुगूचे कूळ निराळे. तरीही सर्वांनी या पक्ष्याच्या डोळ्यांवर एकच आरोप ठेवावा, हे कसे घडले असेल? एकाने दुसऱ्याकडून हे नाव उसने घेतले असेल असे मानण्याची आवश्यकता नाही. खेड्यातील माणूस कोठलाही असो, तो बांधावरून चालत गेला; पक्षी अगदी पायाशी येईपर्यंत उडाला नाही; इतर पक्षी लांबूनच पळतात आणि हा पळत नाही; तेव्हा याला दिसत नसावे, असा निष्कर्ष त्याने काढला. निरीक्षण अचूक होते. अनुमान मात्र चुकले.

कारण ज्याची उपजीविका पाण्यातील मासा टिपण्यावर चालते तो पक्षी आंधळा असणे शक्य नाही. पाण्यात अर्धवट बुडालेली काठी वाकडी दिसते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वळतात, आणि त्यामुळे मासा जेथे दिसतो तेथे तो नसतो; तो त्याहून खोल असतो. दिसणाऱ्या माशावर चोच मारणारा पक्षी उपाशी मरेल. १९८० नंतरच्या दशकात समुद्रकाठी राहणाऱ्या एका जातीच्या बगळ्यावर या दृष्टीने प्रयोग झाले. बुडालेल्या भक्ष्यावर झेप घेताना हे पक्षी भासमान जागा सोडून प्रत्यक्ष जागेवर नेम धरतात, असे त्यांत दिसून आले. म्हणजे ज्याला आपण आंधळा म्हणतो त्याच्या कुळातील पक्षी डोळ्यांना दिसते त्याची दुरुस्ती करून मग वार करतात. मानेची आडव्या 'एस्' अक्षरासारखी घडीही याच कामाची. ती एका क्षणात सुटते आणि चोच भाल्यासारखी पुढे जाते.

मग हा डोळस पक्षी आपण जवळ येईपर्यंत उडत का नाही? कारण न हलणे हेच त्याचे संरक्षण आहे. त्याचा रंग चिखलाचा आहे, आणि जोपर्यंत तो हलत नाही तोपर्यंत तो दिसत नाही. उडाला की मात्र पांढऱ्या पंखांमुळे साऱ्या शिवाराला कळते. म्हणून तो अखेरच्या क्षणापर्यंत थांबतो. आपण त्याला पाहिलेले नसते. त्याने मात्र आपणांस केव्हाच पाहिलेले असते.

आता याच पक्ष्याच्या दुसऱ्या टोपणनावाकडे वळू. उत्तरेकडे 'बगला भगत' आणि आपल्याकडे 'बगळाभगत' हा शब्द ढोंगी साधूसाठी वापरतात. तोंडाने नामस्मरण आणि मनात दुसऱ्याच्या ठेवीवर डोळा, अशा माणसाला मराठीत याहून नेमके विशेषण नाही. संस्कृतातून आलेले 'बकध्यान' आणि 'बकवृत्ती' हे शब्दही आपण त्याच अर्थाने योजतो. सभेत डोळे मिटून बसलेले गृहस्थ चिंतन करीत आहेत की संधीची वाट पाहत आहेत, अशी शंका आली म्हणजे कोणीतरी हळूच म्हणतो, 'बकध्यान चालले आहे.' ही निंदा फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बकव्रतिकाचे, म्हणजे बगळ्याचे व्रत घेतलेल्या माणसाचे लक्षण दिले आहे, आणि त्याच्या शेजारी मांजराचे व्रत घेतलेल्याला बसविले आहे. पंचतंत्रातील म्हातारा बगळा तर आपण लहानपणापासून ओळखतो. बारा वर्षांचे अवर्षण येणार आणि हे तळे आटणार, अशी थाप मारून तो माशांना एकेक करून दुसरीकडे नेण्याच्या मिषाने खातो आणि शेवटी खेकड्याच्या हातून मरतो.

या गोष्टींतील बक तो नेमका आपली ढोकरीच, असे म्हणता येणार नाही. संस्कृतात 'बक' हा शब्द सैल अर्थाने वापरलेला आहे. परंतु गावच्या लहानशा तळ्याकाठी रोज दिसणारा, तासन्‌तास निश्चल उभा राहणारा हाच पक्षी असल्यामुळे ही सारी कीर्ती लोकांच्या मनात त्यालाच चिकटली आहे. 'वंचक' हे मराठी नाव त्याचेच निदर्शक होय. इतर प्रांतांनी त्याला आंधळा ठरविले. आपण त्याला फसव्या ठरविले.

ही दोन्ही टोपणनावे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक मौज ध्यानात येते. जो आंधळा आहे तो लबाड कसा असेल? आंधळा म्हणजे भोळा, ज्याला आपण सहज गाठू शकू असा. भगत म्हणजे पक्का, जो आपणांस गाठील असा. एकाच पक्ष्याला ही दोन परस्परविरोधी नावे कशी मिळाली?

उत्तर सोपे आहे. पक्ष्याचे कृत्य एकच आहे : स्वस्थ उभे राहणे. बदलते ती पाहणाऱ्याची जागा. बांधावरून चालणाऱ्या माणसाच्या जागेवरून पाहिले की ते स्वस्थ उभे राहणे आंधळेपणाचे वाटते, कारण तेथे पक्षी सापडण्याजोगा आहे. पाण्यातील माशाच्या जागेवरून पाहिले की तेच उभे राहणे कपटाचे वाटते, कारण तेथे सापडणारे आपण आहोत. ज्याच्याकडून काही मिळवायचे त्याला आपण मूर्ख म्हणतो आणि ज्याच्याकडून काही गमवावे लागेल त्याला लुच्चा म्हणतो. पक्षी यांपैकी काहीच नाही. तो आपले पोट भरीत आहे. टोपणनावात नाव ठेवणाऱ्याचाच पत्ता अधिक असतो, तो असा.

सर्वच भाषांनी असा निवाडा दिला आहे असे मात्र नव्हे. मलयाळम भाषेत याला 'कुळक्कोक्कु' म्हणतात. कुळम् म्हणजे तळे आणि कोक्कु म्हणजे बगळा. तमिळमध्ये 'मडैयान' हे नाव आहे, आणि ते ऐकताच तळ्याच्या पाण्याला वाट करून देणारी 'मडै', म्हणजे मोरी, आठवते. इंग्रज येथे आले तेव्हा भाताच्या शेतात पाहून त्यांनी याला 'पॅडी बर्ड', भातपक्षी, म्हटले. १८३२ साली साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. हे गृहस्थ मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडत होते. म्हणजे या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते आपल्याच मुलखात आणि आमच्यासारख्याच एका फिरत्या नोकरदाराच्या हातून. त्यांनी त्याला लंडनमधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांचे नाव दिले. आज ते 'आर्डिओला ग्रेयी' असे लिहितात. आर्डिओला म्हणजे लहान बगळा. आपल्या मराठीतही 'ढोकरी' हा शब्द निर्मळ आहे. त्यावरून रात्री हिंडणाऱ्या बगळ्याला 'रातढोकरी' म्हणतात. वनखात्यात आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' रचून पक्ष्यांच्या मराठी नावांचे धन एका ठिकाणी आणले, हे त्यांचे मराठीवर मोठे ऋण आहे.

आणि आपल्या परंपरेनेही बकाची एकच बाजू ऐकली आहे असे नाही. महाभारतात वनपर्वाच्या अखेरीस एका सरोवराच्या काठी पांडवांना जो अडवितो, तो प्रथम आपण बक आहोत असेच सांगतो. माझ्या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय पाणी पिऊ नका, अशी त्याची आज्ञा. चौघे भाऊ ती मोडतात आणि कोसळतात. युधिष्ठिर थांबतो, उत्तरे देतो. तो बक म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म असतो. शांतिपर्वात नाडीजंघ नावाच्या बकराजाची कथा आहे. त्याने ज्या पाहुण्याला आश्रय दिला त्यानेच त्याला मारले. आणि पुन्हा जिवंत झाल्यावर त्या कृतघ्नालाही उठवावे अशी त्याने प्रार्थना केली. तळ्याकाठचा बगळा मनूला ढोंगी दिसला आणि व्यासांना धर्म दिसला. लोकांनी भाषेत मात्र ढोंगीच तेवढा ठेवून घेतला.

कोणी म्हणेल, एका बगळ्याला आंधळा म्हटले म्हणून काय बिघडले? पक्ष्याला आपली भाषा कळत नाही. हे खरे. परंतु नावाने न्याय करण्याची ही सवय पक्ष्यापाशी थांबत नाही. तो ज्या जागेवर उभा असतो त्या जागेलाही आपण एक टोपणनाव दिलेले आहे, आणि ते शासकीय आहे. सातबाराच्या उताऱ्यात शेताच्या पोटातील जो भाग लागवडीखाली येत नाही त्याला 'पोटखराब' म्हणतात. त्यावर आकार बसत नाही. शब्द हिशेबापुरता अगदी योग्य आहे. परंतु 'खराब' हा शब्द एकदा कागदावर आला की तो हिशेबापुरता राहत नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीत सर्वांत खालच्या कुणग्याच्या पलीकडे अशीच एक पाणथळ होती. लहानपणी आम्ही तेथे खेकडे पकडीत असू. जून ते जानेवारी तेथे पाणी असे, आणि जेथे पाणी असे तेथे ढोकरी असे. वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या. मी दूर परमुलखात. कागद पुढे आले ते उताऱ्याच्या रूपाने. उताऱ्यात त्या तुकड्यापुढे 'पोटखराब' लिहिलेले होते. भराव घालून तेथे रस्त्याची बाजू करून घ्यावी, असा विचार निघाला. माझी संमती विचारली गेली. मी आयुष्यभर कागद वाचून निर्णय देत आलो आहे. मी कागद वाचला आणि संमती दिली. जागा मला डोळ्यांपुढे दिसत होती, परंतु त्या एका शब्दापुढे ती बोलेना.

पुढच्या पावसाळ्यात त्या पाणथळीत उतरणारे पाणी उतरेना. ते शेजाऱ्यांच्या लावणीत शिरले, आणि त्यांचे तीन कुणगे कुजून गेले. त्यांनी भांडण केले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. आमचे शेत पाहणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांनी शेताची हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "यंदा ढोकरी उतरली नाही." त्या वेळी मला कळले की त्या सर्व व्यवहारात आंधळा कोण होता.

ही एका घरची गोष्ट झाली. देशाची गोष्ट आकड्यांनी सांगता येते. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहांच्या चित्रांवरून पाणथळ जागांचा जो राष्ट्रीय नकाशासंग्रह २०११ साली प्रसिद्ध केला, त्यात एकूण ७,५७,०६० पाणथळींची नोंद आहे. यांपैकी ५,५५,५५७ जागा सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. नकाशावर त्यांना आकार नाही, केवळ एकेक ठिपका आहे. मोठ्या सरोवरांना आता मान मिळू लागला आहे. इराणमधील रामसर येथे १९७१ साली पाणथळींविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८२ साली भारत त्यात सामील झाला, आणि महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी यांची नावे आता त्या यादीत आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ढोकरी काही यादी पाहून उतरत नाही. तिचे घर त्या साडेपाच लाख ठिपक्यांत आहे, आणि भाताच्या खाचरांत आहे. २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी भातशेती आपल्या व्याख्येतून वगळली आहे. शेतकऱ्याला प्रत्येक बांधासाठी परवानगी मागावयास लावणे इष्ट नव्हे, हे कोणीही मान्य करील. याचा अर्थ इतकाच, की तेथील पाण्याचे रक्षण कायद्याच्या कलमावर फारसे अवलंबून नाही. ते गावकऱ्यांच्या दृष्टीवर अवलंबून आहे.

गावतळ्यांच्या बाजूने न्यायालयही बोलले आहे. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातील एका गावचे तळे बुजवून त्यावर घरे बांधली गेली होती. त्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण हटविण्याचा निर्णय कायम केला आणि गावाच्या सामाईक जमिनी गावाला परत मिळाव्यात म्हणून सर्व राज्यांना योजना आखण्यास सांगितले. परंतु बुजलेले तळे निकालाने एका दिवसात भरत नाही. ते बुजण्यापूर्वीच कोणीतरी पाहावे लागते.

श्रोतेहो, पंचतंत्रातील त्या म्हाताऱ्या बगळ्याने सांगितले होते की हे तळे आटणार आहे. त्या कथेत ती थाप होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्याने मासे मेले. आज तळ्याकाठी उभा असलेला बगळा काहीच बोलत नाही. पण तो जेथून नाहीसा झाला तेथे तळे खरोखरच संपलेले असते. या वेळी त्याचे म्हणणे खोटे नाही.

यापुढे आपण कोठे बांधावरून जात असलो आणि पायाजवळून ढोकरी उडाली, तर तिला मराठीत, हिंदीत, तेलुगूत, आपल्या सवयीच्या कोणत्याही नावाने खुशाल हाक मारावी. टोपणनावे ही लोकभाषेची संपत्ती आहे. ती पुसून टाकावीत असे मी म्हणणार नाही. ती उडून गेल्यावर मात्र क्षणभर तेथेच थांबावे आणि ती जेथे उभी होती तो चिखल नीट पाहावा. उताऱ्यात त्याचे नाव काय लिहिले आहे, हे त्यानंतर वाचावे.